आज किती फूट?

आमच्या घरात दुखणं फुटात मोजतात.

सांगलीबाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागेल. पावसाळ्यात इथं सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न असतो तो आयर्विन पुलाचा. १९२९ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल कृष्णेवर उभा आहे आणि त्याच्याजवळ पाणी किती फुटांवर आलं हा आकडा गावभर फिरत असतो. चहाच्या गाड्यावर, शाळेच्या दारात, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या फोनवर. ४० फूट म्हणजे इशारा. ४५ म्हणजे धोका. चाळिशीच्या आसपास सूर्यवंशी प्लॉटातली माणसं सामान बांधायला लागतात. आकडा कानावर पडला की आपल्या उंबऱ्यापासून पाणी किती लांब आहे ते ज्याचं त्याला कळतं, दुसरं काही विचारावं लागत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मला विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी गप्प बसलो. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात बावीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलेला माणूस मी. वजन, दर, तोलाई, हमाली, पट्टी, सगळं आयुष्य आकड्यात गेलेलं. पण हा आकडा मला सांगता येईना. दहा म्हणजे नेमकं काय? अजून मोठं दुखणं आलं तर त्याच्यासाठी जागा ठेवायची की नाही? शेवटी हिच्याकडं बघत "सात" म्हणालो. घरी आल्यावर थोरली म्हणाली, "पप्पा, फुटात सांगा." मी लगेच म्हणालो, "त्रेचाळीस." ती काही न बोलता उठली आणि माझ्या गुडघ्यांखाली उशी सरकवून गेली.

"काय उचललं होतं?" हे मला सगळ्यांनी विचारलं. उत्तर द्यायला लाज वाटावी इतकी गोष्ट लहान आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी गव्हाचे डबे, कपाटाचे खण, शिलाई मशीन, सगळं माडीवर चढवलं. दुकानाच्या वह्या डोक्यावरून बाहेर काढल्या. तेव्हा साधी उसणही भरली नाही. आणि २०२१च्या जानेवारीत, हळदीचा हंगाम तोंडावर असताना, एका सकाळी न्हाणीत पडलेला साबण उचलायला वाकलो आणि कंबरेत कुणीतरी कडी लावल्यासारखं झालं. सरळ होता येईना. भिंतीला धरून दहा मिनिटं तसाच उभा होतो, अंगावरचं पाणी वाळेपर्यंत.

कंबर आठवड्यात सुटली. मी समजलो, संपलं. आणि मग पाय सुरू झाला.

डाव्या कुल्ल्यात खोल कुठंतरी, जिथं बोट पोचत नाही तिथं ठणका. तिथून मांडीच्या मागून तापलेली तार ओढत न्यावी तशी कळ थेट पोटरीत. पोटरीत गोळा, टाचेत जळजळ, करंगळी बधिर. शिंक आली की पायात वीज. सायटिका हा शब्द ऐकून माहीत होता, पण तो कंबरेचा आजार अशी माझी समजूत. माझी कंबर तर दुखत नव्हती! म्हणून तीन आठवडे मी पोटरीलाच धरून बसलो. महानारायण तेलानं चोळली, एरंडाची पानं गरम करून बांधली, निर्गुडीचा शेक घेतला, पंचा आवळून बांधला. आवळलं की पाच मिनिटं बरं वाटायचं. पंचा सोडला की पुन्हा तेच.

हे सांगलीच्या माणसाला तरी लवकर कळायला हवं होतं. आमच्याकडं पूर येतो तेव्हा आमच्या डोक्यावर पाऊस असतोच असं नाही. कित्येकदा लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. पाऊस पडलेला असतो वर, महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात. १०५ टीएमसीचं ते धरण भरत आलं की दरवाजे उचलतात, कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी वाटेतली गावं घेत आमच्या घाटाच्या पायऱ्या चढतं. पायऱ्या पुसत बसून पूर ओसरत नाही. मी तीन आठवडे पायऱ्या पुसत होतो.

डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना घाई नव्हती, हे माझं भाग्य. टेबलावर उताणं झोपवून त्यांनी माझा डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलायला सुरुवात केली. पस्तीस-चाळीस अंशांवर मी ओरडलो. मग हातोडीनं टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, टकटक केलं. उजवं पाऊल हललं, डावं हललं नाही. चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, डावी टाच उचलेना. एमआरआय काढण्याआधीच ते म्हणाले, "कंबरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी हाड यांच्यामधली गादी आहे. डावीकडं सरकलीय. एमआरआय फक्त खात्रीला."

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन मणक्यांच्या मध्ये ही गादी, म्हणजे चकती असते. बाहेरून चिवट थरांचं कडं, आत मऊ गाभा. वयाबरोबर कड्याला चिरा जातात आणि एक दिवस गाभा बाहेर डोकावतो. तो नुसता दाबतो असं नाही. त्यातल्या रसायनांनी शिरेचं मूळ सुजतं, चिडतं. कंबरेतून आणि त्रिकास्थीतून निघणारी पाच मुळं एकत्र येऊन जी शीर होते ती शरीरातली सगळ्यात जाड शीर, जवळजवळ अंगठ्याएवढी. कुल्ल्यातून मांडीमागून ती पायात उतरते. कोणतं मूळ दबलं यावर दुखणं कुठं निघणार ते ठरतं. एक मूळ दबलं तर अंगठ्याकडं, दुसरं दबलं तर टाच आणि करंगळीकडं. माझी करंगळी बधिर आहे हे ऐकताच त्यांना मणका कळला होता.

आमच्या गल्लीतल्या वैद्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडं हिला गृध्रसी म्हणतात." गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. त्यांनी सुश्रुताचं वचनही सांगितलं: टाचेकडून बोटांकडं जाणाऱ्या कंडरा वातानं पीडल्या की पाय उचलणं अडतं, ती गृध्रसी. पाय उचलणं अडतं! मिरजेच्या टेबलावर माझा पाय जिथं अडला होता तेच हे. मी नंतर वाचत गेलो. १७६४ साली नेपल्सच्या कोतुन्यो नावाच्या वैद्यानं हे दुखणं सांध्याचं नसून शिरेचं आहे हे लिहून ठेवलं. चकतीपर्यंत पोचायला १९३४ साल उजाडलं, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी ते दाखवून दिलं. पायापासून शिरेपर्यंत, शिरेपासून मणक्यापर्यंत, उगमाकडं जायला माणसाला इतकी शतकं लागली. माझ्या तीन आठवड्यांचं मला मग फार वाईट वाटेनासं झालं.

या दुखण्यात सल्ले फुकट मिळतात आणि त्यातला एखादा महागात पडतो. एका गावी मणका "बसवणारा" आहे असं कळलं म्हणून गेलो. त्यानं पालथं झोपवून कंबर अशी पिळली की परतीचा प्रवास मी जीपच्या मागच्या सीटवर आडवा होऊन केला. त्यानंतर दोन आठवडे अंथरुणात. पूर्ण विश्रांती हेच औषध असं घरच्यांना वाटायचं, मलाही. डॉक्टर रागावले. दोन-चार दिवस पडून राहणं ठीक, त्यापुढं पडून राहिल्यानं शीर सुटत नाही आणि पाठीचे स्नायू मात्र उतरतात, असं म्हणाले.

एमआरआयच्या कागदाचं मी फार मनाला लावून घेतलं होतं. चार मणक्यांत काही ना काही लिहिलेलं. शेजारीपाजारी म्हणायचे, "चार गॅप? मग काही खरं नाही." डॉक्टरांनी त्यातली एकच ओळ खुणेनं दाखवली आणि म्हणाले, बाकीचं वय आहे. २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे फोटो तपासले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांत चकतीला फुगवटा होता, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. केस पांढरे व्हावेत तसं ते. हे कुणीतरी प्रत्येक एमआरआयच्या पाकिटावर छापायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या कागदाच्या भीतीनं मी जितका वाकलो तितका गादीनं वाकलो नव्हतो.

ऑपरेशनचं विचारलं. पायातला जोर झपाट्यानं जाऊ लागला, लघवी अडली, किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच रात्री यायचं, तिथं विचार करत बसायचं नाही, हे त्यांनी हिला दोनदा सांगितलं. तसं काही नसेल तर थांबता येतं. बाहेर आलेला गाभा शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, बहुतेकांचा पाय काही आठवड्यांत, काही महिन्यांत निवतो. २००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्ष संपताना दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. थांबलेल्यांतल्याही बऱ्याच जणांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही त्यांनी लपवलं नाही. मी थांबलो. चवड्याचा जोर चार महिन्यांत परत आला. करंगळी आजही अर्धी बधिरच आहे. आणि दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. बहुतेकांचं जातं, काहींचं राहतं. मी काहींमधला.

त्या काळात शिरेच्या दुखण्याच्या म्हणून गोळ्या चालू होत्या. प्रीगॅबालिन. डोकं जड व्हायचं, अक्षरं पाण्याखालून बघितल्यासारखी दिसायची. एका शेतकऱ्याच्या पट्टीत मी क्विंटलला ७,८०० च्या जागी ८,७०० लिहिले. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो कडेगावकडचा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः परत आला, पट्टी माझ्यापुढं ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "दिवाणजी, जास्त आलंय. शेठना सांगू नका, तुम्हीच दुरुस्त करा." मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस हळूहळू उतरवत गोळी बंद केली. पुढं कळलं की २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांवरच्या चाचणीत या दुखण्यावर ती गोळी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती, गरगरणं मात्र जास्त होतं. ज्याला तिनं बरं वाटतं त्यानं माझ्यावरून मनानं बंद करू नये. मी माझ्यापुरतं सांगतोय.

जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी मी जिन्यापाशी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्यासमोरून ही आणि दोन्ही मुली डबे, गाद्या, टीव्ही माडीवर नेत होत्या. मी फक्त सांगत होतो, आधी ते घ्या, मग हे. धाकटी दहावीत होती. गहू भरलेला डबा तिच्या हातातून निसटता निसटता राहिला, तेव्हा मी नकळत पुढं झालो आणि ही जोरात ओरडली, "अहो, तिथंच थांबा!" त्या ओरडण्यात राग नव्हता. भीती होती. पाणी उंबऱ्याशी होतं आणि ती माझ्या कंबरेला भीत होती.

पण त्याहून जड गेलेला दिवस दुसरा आहे. तात्या गेले तो.

तात्या माझे धाकटे चुलते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला यार्डात आणलं, पहिली वही हातात दिली, सात आणि एक यांत घोटाळा होऊ नये म्हणून एकाची शेंडी कशी काढायची ते शिकवलं. त्यांना मूल नव्हतं. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पुढचा डावा खांदा माझा, हे कुणी ठरवायची गरजच नव्हती. त्या सकाळी मी ४४ फुटांवर होतो. आदल्या दिवशी रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून काढलेली.

मी वाकलो. अर्ध्यावर कळ आली आणि डावा पाय नसल्यासारखा झाला. आणखी पुढं गेलो असतो तर मी पडलो असतो आणि माझ्याबरोबर तात्याही. मी सरळ झालो आणि मागं सरकलो. काही बोललो नाही. काय बोलणार? हात-पाय धड, लंगडत नाही, प्लास्टर नाही, काठी नाही. मागं कुणीतरी कुजबुजलं, "पुतण्या असून..." पुढचं मला ऐकू आलं नाही, पण ते ऐकायची गरजही नव्हती.

माझ्या जागी आमच्या दुकानातले जुने हमाल उभे राहिले. साठीला आलेला माणूस, चाळीस वर्षं पोती उचललेला. तिरडी खांद्यावर घेतल्यावर त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "दिवाणजी, खांदा मी देतो. तुम्ही नुसता हात लावा." मी बांबूवर हात ठेवला. स्मशानापर्यंत मी तो काढला नाही. त्यांनी माझ्यासाठी पावलं लहान टाकली, त्यामुळं मागच्या सगळ्यांनाच लहान टाकावी लागली. तात्यांना आम्ही फार सावकाश नेलं.

अशा गोष्टी दुसऱ्या कुणाला मोठ्या वाटणार नाहीत. पंगतीत मांडी घालता येत नाही, म्हणून लग्नात म्हाताऱ्यांबरोबर टेबलावर बसायचं. देवळात साष्टांग नाही, उभ्यानं हात जोडायचे. गतिरोधक दिसला की स्कूटरवर आधीच दात आवळायचे. पायाची नखं मला काढता येत नाहीत. दर पंधरा दिवसांनी रविवारी ही वर्तमानपत्र पसरते, माझा पाय मांडीवर घेते आणि नखं काढते. पहिल्या वेळी मी पाय मागं ओढला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, पण बायकोच्या मांडीवर पाय ठेवायचा हे मनाला पटेना. ती म्हणाली, "मुलींची काढली तेव्हा हात थरथरत नव्हता माझा. नीट बसा." करंगळीपाशी आली की ती दरवेळी विचारते, "कळतंय?" मी म्हणतो, "थोडं." हे थोडं गेल्या दोन वर्षांत थोडं जास्त झालंय, असं तिचं म्हणणं.

आता मी दुकानात गादीवर बसत नाही. शेठनी सुताराकडून छातीइतकं उंच मेज करून दिलं, त्यावर मी उभ्यानं वह्या लिहितो. वीस मिनिटांनी दोन पावलं मागं, दोन पुढं. सकाळी हरिपूर रस्त्यानं चालायला जातो. सुरुवातीला अर्ध्या वाटेवरून परत यायचो, आता संगमापर्यंत जातो, जिथं वारणा कृष्णेला मिळते. तिथं उभं राहिलं की एक गोष्ट दिसते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं आणि गावात चढतं. माझंही तसंच असतं. झोप नीट झाली नाही, हंगामाचा ताण असला, की गादीला काही नवं झालेलं नसतानाही आकडा चढतो. फिजिओनं सांगितलं होतं, जुनं दुखणं हे नेहमी नव्या इजेची खबर नसतं, बराच काळ चिडलेली शीर साध्या गोष्टीलाही धोका म्हणून ओरडायला शिकते. हे पटायला मला दोन वर्षं लागली. पटल्यावर घाबरणं कमी झालं, आणि घाबरणं कमी झाल्यावर आकडाही दोन-तीन फूट उतरला. आजचं जास्त बसणं उद्या दिसतं, वरचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो तसा. म्हणून मी आता आज बरं वाटतंय म्हणून आज जास्त करत नाही.

गेल्या हंगामात, ऐन सौद्यांच्या दिवसांत, हमालांच्या टोळीतला एक पोरगा पोटरीला पंचा आवळून बांधून आला. सव्वीस-सत्तावीसचा, सांगलवाडीचा. पोतं पाठीवर घेताना डावीकडं झुकत होता. मी हाक मारली.

"काय झालंय रे?"

"काय न्हाई दिवाणजी. पोटरीत गोळा आलाय जरा."

"शिंकलं की पायात जातंय का?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मी त्याला मेजामागं नेलं, चवड्यांवर उभं राहायला लावलं, टाचांवर चालायला लावलं. लघवीचं विचारलं, बसायच्या जागेचं विचारलं. तो लाजला, पण सांगितलं सगळं. तिथं काही नव्हतं. करंगळी मात्र बधिर होती. सुट्टी घे म्हटल्यावर म्हणाला, "घेतली तर मजुरी कोण देणार? आणि टोळीत एक माणूस कमी म्हणजे बाकीच्यांवर पोती वाढत्यात." त्याचं खोटं नव्हतं. माझ्यासाठी उंच मेज झालं, त्याच्यासाठी काय होणार? पन्नास किलोच्या घरातलं पोतं उभ्यानं लिहिता येत नाही. मी त्याच्या मुकादमाशी बोललो. शेठशीही बोललो. आठ दिवस त्याला तोलाईच्या काट्यावर नोंदीला बसवायचं ठरलं, बसवायचं म्हणजे उभं करायचं. पुढचं पुढं बघू.

गुरुवारी त्याला घेऊन मिरजेला निघालो. दुपारची सिटी बस, निम्मी सीटं रिकामी. कंडक्टर म्हणाला, "बसा की वो, जागा हाय." आम्ही दोघंही दांडा धरून उभे राहिलो. विश्रामबाग गेलं तरी तो काही बोलत नव्हता, प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात दांड्यावर घट्ट होत होता. डॉक्टर काय विचारतील ते मी त्याला सांगत होतो. शून्य ते दहाचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा माझ्यासारखाच झाला.

"ते राहू दे," मी म्हणालो. "फुटात सांग."

त्यानं खिडकीबाहेर बघत जरा विचार केला.

"बेचाळीस," म्हणाला. "पण चढतंय."